लेकराबद्दल लिहिलं, पण लेकराला विचारलं होतं का?

दुधनाकाठ, परभणी

रविवारी सकाळी थोरल्याने मला एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून मला एक ओळही लिहिता आलेली नाही. म्हणून या चर्चेच्या पानावर आले. मोठं आहे, पण सगळं सांगते.

नऊ वर्षं झाली, मी आईपणावर मराठीत ब्लॉग लिहिते. थोरला चार महिन्यांचा होता तेव्हा सुरू केला. लेकराला वरचं काय द्यावं हे शोधायला बसलं की सगळं इंग्रजीत सापडायचं, आणि त्यातली फळं आमच्या मोंढ्यात कुणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. मग माझ्या घरात जे होतं तेच लिहायला लागले. ज्वारी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, भाजून केलेलं पीठ. मुगाच्या डाळीचं वरण, चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकं घट्ट. एप्रिल-मेच्या उन्हात सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला पाणी लागतं का? नाही लागत, दुधातच पुरेसं पाणी असतं, फक्त जास्त वेळा अंगावर घ्यायचं. असं सगळं. हळूहळू वाचणाऱ्या वाढल्या, हिंगोली, जालना, बीड, पार उदगीरकडून निरोप यायला लागले.

दिवाळीनंतर मी गुटीवर लिहिलं. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, गुटी नको, जन्मल्याबरोबर मधाचं बोट नको. मध तर वर्षाचं होईपर्यंत नकोच, कारण त्यात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते वाढतात. सोबत जुना फोटो लावला. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पाटावर बसलेल्या, समोर सहाण, हातात जायफळ, मांडीवर तेल लावलेला उघडा थोरला. शेवटी लिहिलं होतं की आत्यांनी एकेक वेढा मोजून ज्या मायेने उगाळलं, ती माया तशीच ठेवून आपल्याला फक्त गुटी सहा महिने पुढे ढकलायची आहे.

कुणीतरी फोटो आणि पहिल्या चार ओळी कापून घेतल्या, वर 'शिकलेल्या सुनेने सासूला अडाणी ठरवलं' असं लिहिलं आणि पुढे पाठवलं. दोन दिवसांत ते जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत आमच्या सगळ्या पाहुण्यांच्या मोबाईलवर होतं. नवऱ्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे, त्याच्या पानावर जाऊन लोकांनी मला शिव्या दिल्या. जी दुकानात कधी आली नाहीत त्यांनी 'माल खराब' म्हणून शेरे मारले.

आत्या तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी ज्वारी निवडताना, सुपातून नजर न उचलता म्हणाल्या, "गुटीचं तू बरोबरच लिहिलं असशील. डॉक्टरीण बी तेच म्हणली होती. पर माझा फोटो टाकायच्या आधी मला इचारायचं तर होतंस. डोक्यावर पदर बी नव्हता माझ्या."

आणि रविवारी थोरला. वर्गातल्या कुणाच्या तरी आईच्या मोबाईलवर तो फोटो आला होता. दोन आठवडे त्याला 'गुटी' म्हणून हाक मारत होते, त्याने घरात कुणालाच सांगितलं नाही. परवा म्हणाला, "आई, तो फोटो तुझा आहे का माझा?"

चारशेच्या वर लेख आहेत. दीडेकशे लेखांत त्याचा नाहीतर धाकटीचा चेहरा आहे. गोवर-रुबेलाची लस घेतानाचं रडणं आहे, अंथरूण ओलं करायचा त्यावरचा लेख आहे. तेव्हा मला वाटलं होतं, हे माझं आईपण आहे, मी माझंच लिहितेय. सगळं बंद करावं का? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा.

मांजराकाठ, अंबाजोगाई

ताई, बंद करू नका. मी नेहमी नुसतीच वाचते, आज पहिल्यांदा लिहायलेय.

माझं बाळंतपण माहेरी झालं. पंधराव्या दिवशी घरात सगळी म्हणायली, दूध पुरंना, पावडरीचा डबा आणा. मी रात्री अडीचला पांघरुणात तोंड घालून रडत होते, अन् मोबाईलवर तुमचा लेख निघाला. चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असले आणि वजन वाढत असलं तर दूध पुरतंय, असं लिहिलं होतं. कॅलेंडराच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत आठ झाल्या. सकाळी दवाखान्यात वजन केलं, तेबी वाढलं होतं. डबा आला नाही.

ते कॅलेंडर अजून आहे माझ्याकडं. अन् तुम्ही 'बाळ' न लिहिता 'लेकरू' लिहिलं होतं म्हणून मी पुढं वाचलं. नाहीतर पुस्तकातलं वाटून बंद केलं असतं.

जुना_वाडा, नांदेड

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. तुमच्यावर जे आलं ते वाईटच, दुकानाला शिव्या देणारे तर नीच. पण मूळ चूक तुमची आहे. बाळंतीण, तान्हं लेकरू, न्हाणं, गुटी, ह्या दाराआडच्या गोष्टी आहेत. आमच्याकडे पाचवीला सटवाईची पूजा करतानासुद्धा पुरुषमाणूस आत जात नव्हता. तुम्ही तेच सगळं हजारो अनोळखी माणसांपुढे मांडलं. मग लोक बोलणारच.

दुधनाकाठ

काका, रागावले नाही. फोटोबद्दल तुमचं म्हणणं मला लागलं आणि पटलंही. पण दाराआडच्या सगळ्याच गोष्टी दाराआड ठेवाव्यात हे पटत नाही. मांजराकाठ यांची रात्र वाचा. त्या खोलीत माणसांची दाटी असेल, तरी ती एकटी होती. बाळंतिणीचे टाके उसवले, स्तनात गाठ होऊन ताप भरला, तिला लेकराला हात लावावासा वाटेना, हे आपल्याकडे बाई बाईलाही सांगत नाही. मी ते लिहिलं आणि त्याचा मला पस्तावा नाही. पस्तावा आहे तो चेहऱ्यांचा.

खडकीकर, छत्रपती संभाजीनगर

मी व्हिडिओ करते, पाच वर्षं झाली, दोन जुळी मुलं. माझं मत इथे बऱ्याच जणींना आवडणार नाही, पण मांडते.

मला ह्या कामाचे पैसे मिळतात आणि मी ते लपवत नाही. घरात बसून, लेकरं झोपल्यावर रात्री अकरा ते एक एडिटिंग करून मी आमच्या घराचा हप्ता भरते. बाईने फुकट सल्ला दिला तर ती माउली आणि पैसे घेतले तर बाजारबसवी, हा हिशोब मला मान्य नाही. अट एकच, नियम पाळायचे. जाहिरातीच्या स्वयंनियमन परिषदेने, म्हणजे आस्कीने, २०२१ मध्ये सांगितलं की पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर तसं ठळक लिहा. ते मी पहिल्याच ओळीत लिहिते, तळाशी हॅशटॅगच्या गर्दीत नाही. जुलै २०२२ पासून आयकराचा एक नियम आहे. एका कंपनीकडून वर्षाला वीस हजारांच्या वर वस्तू आल्या आणि त्या तुम्ही ठेवून घेतल्या तर दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा कर, लागतो. बाबागाडी 'भेट' आली असं म्हणून सुटता येत नाही. नव्या मुलींना हे कुणी सांगत नाही, मार्चमध्ये सीएकडे गेल्यावर घाम फुटतो.

फोटोचं म्हणाल तर माझा सगळा चॅनेलच मुलांच्या चेहऱ्यावर उभा आहे. ताईंचा प्रश्न वाचून मी काल रात्री माझे जुने व्हिडिओ बघत बसले. मुलं आता पाचची आहेत. उत्तर नाही माझ्याकडे.

ताई, तुम्ही जाहिराती का घेत नाही? कधी लिहिलं नाहीत तुम्ही.

दुधनाकाठ

खडकीकर ताई, घेतल्या आहेत. दोन वेळा, एकदा सुती लंगोटांची आणि एकदा लेकरांच्या पुस्तकांची, दोन्हीवर 'जाहिरात' असं लिहून. पैसे घेणं वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. बाकीच्यांना नाही म्हणण्याचं कारण एका परिषदेत आहे.

२०१९ साली मुंबईत आई-ब्लॉगरांची एक परिषद होती. धाकटी आठ महिन्यांची. देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर तिला मांडीवर घेऊन गेले, नवरा सोबत. मोठं हॉटेल, गळ्यात नावाची पट्टी, पट्टीवर नावाखाली ब्लॉगचं नाव आणि त्याखाली फॉलोअरचा आकडा. ज्या कुणी भेटल्या त्या आधी आकडा वाचायच्या, मग तोंडाकडे बघायच्या. सगळी भाषणं इंग्रजीत. एकीने विचारलं, परभणी नेमकी कुठे येते. मी म्हटलं, तुम्ही खाता ती तूरडाळ जिथून येते तिकडे.

दुपारी धाकटी भुकेने रडायला लागली. दोनेकशे आया जमल्या होत्या आणि लेकराला पाजायला एक खोली ठेवलेली नव्हती. एका मुलीने मला मागच्या खोलीत नेलं, तिथे खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या, एक ओढून मी बसले. एसीचं गार पाणी ठिबकत होतं त्याखाली कुणीतरी बादली ठेवली होती. पाजता पाजता भिंतीपलीकडून भाषण ऐकू येत होतं, विषय स्तनपान. त्या खुर्चीत बसून मला फार वाईट वाटलं, अजून आठवलं की वाटतं.

निघताना प्रत्येकीला पिशवी दिली. आत क्रीम, पुसायचे रुमाल आणि सहा महिन्यांवरच्या लेकरांसाठीच्या तयार खाण्याचं पाकीट. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे. दुधाची पावडर, बाटल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या लेकरांसाठीचं डबाबंद खाणं यांची जाहिरात करायची नाही, आयांना नमुने वाटायचे नाहीत. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. मला तो माहीत होता, कारण मी त्यावर लिहिलं होतं. पंधरा दिवसांनी फोन आला. जाहिरात म्हणून नको, 'अनुभव' म्हणून लिहा, पाकिटाचं नाव फोटोत दिसलं तरी पुरे. सांगितलेली रक्कम आमच्या दोन महिन्यांच्या किराणाएवढी होती. मी नाही म्हटलं. ज्या बाईने माझं वाचून ज्वारीला मोड आणले तिला मी आता पाकीट फोड असं सांगणार होते का?

मात्र तिथेच मला एक मैत्रीण मिळाली, कोल्हापूर भागातली. त्या मागच्या खोलीत तीही तिचं लेकरू घेऊन आली होती. आजही रात्री-अपरात्री फोन करायला ती एक हक्काची आहे. वाद पेटला तेव्हा तिनेच मला दोन दिवस मोबाईल कपाटात ठेवायला लावला.

बालाघाट, ता. धारूर

मी अंगणवाडीत काम करते. मला ह्या चर्चेत एक गोष्ट कमी वाटायली.

आमच्या गावातली निम्मी घरं दसऱ्यानंतर कुलूप लावून ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळं बाळंतीण असली तरी थांबता येत नाही. पहाटे चारला फडात, लेकरू साडीच्या झोळीत नाहीतर वाढ्यांवर. तिला ज्वारीला मोड आणून सावलीत वाळवायला कोपीत जागा कुठंय? तिला तुमचा लेखही वाचता येत नाही, पण मोबाईल आहे अन् ती ऐकते. मागच्या वर्षी मी ताईंचा घट्ट वरणाचा लेख माझ्या आवाजात दोन मिनिटांचा करून माझ्या सगळ्या बायांना पाठवला. सांगलीकडच्या फडातून एकीचा उलटा निरोप आला, "मॅडम, डाळ रातीच शिजवून ठेवली तर सकाळी चालंल का?"

हा प्रश्न लाखमोलाचा आहे. रात्रीची डाळ उन्हात तशीच राहिली तर आंबते, लेकराला जुलाब लागतात. मी सांगितलं, सकाळी तव्यावरून उतरलेली गरम भाकरी घट्ट डाळीत कुस्करून दे, डाळ तेव्हाच शिजव. हे असं विचारणारी बाई तुमच्या त्या परिषदेत कधी येणार नाही. ताईंनी बंद केलं तर मी काय पाठवू?

दुधनाकाठ

बालाघाट ताई, तुम्ही हे केलंत हे मला माहीतच नव्हतं. त्या लेखात एकही फोटो नाही, आत्ता उघडून बघितलं. मला तुमचा नंबर निरोपात पाठवा, फडातल्या बायांचे प्रश्न तुम्ही आणा, आपण आवाजातच करू.

तेरणा, धाराशिव

वकिली करतो, म्हणून कायद्यापुरतं. आपला वैयक्तिक विदा, म्हणजे डेटा, संरक्षण कायदा २०२३ चा. त्यात अठराच्या आतलं ते मूल, आणि मुलाची माहिती वापरायची तर आईवडिलांची संमती घ्यायची, असं म्हटलंय. इथे आईच फोटो टाकते आहे, म्हणजे संमती देणारी आणि वापरणारी एकच. लेकराच्या बाजूने बोलणारं कुणी उरत नाही. फ्रान्सने २०२० मध्ये कायदा करून सोळाच्या आतल्या मुलांना स्वतःचे व्हिडिओ काढून टाकायला लावण्याचा हक्क दिला, कमाई त्यांच्या नावे ठेवायला लावली. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १ जुलै २०२४ पासून अशा मुलांच्या कमाईचा वाटा बाजूला ठेवावा लागतो. खडकीकर ताई, आपल्याकडे अशी सक्ती नसली तरी मुलांच्या नावे खातं आजही उघडता येतं.

दुकानाच्या पानावरचे खोटे शेरे एकेक करून तक्रारीत टाका आणि आधी सगळ्यांचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. घाईत पुसून टाकू नका, तो पुरावा आहे.

गोदाकाठ, पैठण

ह्या प्रकारच्या लेखनाची सुरुवात अमेरिकेत झाली तेव्हाही हेच झालं होतं. हेदर आर्मस्ट्राँग नावाची बाई २००१ पासून लिहीत होती. ऑफिसबद्दल लिहिलं म्हणून २००२ मध्ये तिची नोकरी गेली. २००४ मध्ये लेक झाली, त्यानंतरच्या नैराश्याबद्दल तिने उघड लिहिलं, दवाखान्यात दाखल झाली तेही लिहिलं. असंख्य बायांना त्यातून धीर आला. पण तिच्यावर तुटून पडणाऱ्यांनीही वेगळी पानं चालवली, तिच्या लेकींवरून, लग्नावरून, सगळ्यावरून बोलले. २०२३ मध्ये ती गेली, ४७ वर्षांची. तिच्यावर काय काय ओझं होतं हे मी सांगू शकत नाही आणि कुणी सांगूही नये. पण दुधनाकाठ ताई, दोन आठवडे शिव्या खाल्ल्यावर झोप येत नसेल, जेवण जात नसेल, तर ते अंगावर काढू नका. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. मी स्वतः बाळंतपणानंतर तिथे बोललेय.

जुना_वाडा

अंगणवाडीच्या ताईंचं वाचलं. मी पहिल्या प्रतिसादात जरा जास्तच बोललो. लेखन चालू ठेवा. फोटोचं माझं मत तेच आहे.

दुधनाकाठ

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. काल संध्याकाळी जे झालं ते सांगते.

मी लॅपटॉप बैठकीत सतरंजीवर ठेवला आणि थोरल्याला आणि आत्यांना दोन बाजूंना बसवलं. म्हटलं, एकेक फोटो बघायचा, ज्याचा फोटो आहे तो सांगणार. धाकटी सात वर्षांची, ती मधे घुसली आणि तिचे सगळेच ठेवायचे म्हणून बसली. तिला सांगितलं, तुझे सध्या सगळे काढणार, तू थोरल्याएवढी झालीस की पुन्हा विचारू. ती रुसली. मी ऐकलं नाही.

थोरल्याने अंथरुणाचा लेख वाचला. आम्ही दोघीही गप्प. मग तो म्हणाला, "हे लिहिलेलं राहू दे, पण माझं आहे असं कळायला नको. दुसऱ्या कुणाचा असं पण नको, खोटं होईल." म्हणून आता त्यात 'एक मुलगा' एवढंच आहे. लसीच्या रडण्याचा फोटो त्याने बघितल्या बघितल्या काढायला लावला. ज्वारीची पेज तोंडभर माखलेला मात्र त्याला आवडला. तो ठेव म्हणाला. मी विचारलं, वर्गात पुन्हा कुणी बोललं तर? बराच वेळ विचार करून म्हणाला, "मग डोळे झाकून टाक."

सहाणीचा फोटो आला. थोरला म्हणाला काढ. आत्या म्हणाल्या, "काढ, पर माझं म्हणणं लिही." आणि सांगायला लागल्या, मी टाईप करत गेले. त्यांच्या पहिल्या बाळंतपणात सासूने सांगितलेलं, वेखंडाचा अर्धाच वेढा, जास्त नको. दर वेळी सहाण चुलीवरच्या आधणाने धुवायची. लेकरू गुटी पिऊन झोपलं की त्या तेवढ्या वेळात विहिरीवरून पाणी आणायच्या, कारण नंतर कुणी धरायला नसायचं. हे त्यांनी मला नऊ वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. गुटीच्या लेखाखाली ते त्यांच्या शब्दांत जसंच्या तसं टाकलंय. वाचून दाखवल्यावर एक शब्द बदलायला लावला आणि मगच हो म्हणाल्या.

खडकीकर ताई, तुम्हाला फोन करते, दोघी मिळून बसू. तेरणा दादा, एक विचारायचं राहिलं. आम्ही ब्लॉगवरून काढून टाकलेले फोटो शोधयंत्रात अजून दिसतात, ते तिथून काढायची विनंती कशी करतात?

सदतिसाव्या फोटोपर्यंत आलो तेव्हा बाहेरून पोरांनी थोरल्याला क्रिकेटला हाक मारली. उरलेले रविवारी बघायचेत.